एफएम दिला, पण जागाच गेली : एडविन आर्मस्ट्राँगची गोष्ट

दोन शेतांच्या मध्ये बांध असतो. बांधावर कोणी पेरत नाही, नांगर घालत नाही. वर्षभर ती जमीन बिनकामाचीच दिसते. पण एखाद्याने तो बांध कोरायला घेतला की काय होतं, हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. तलाठ्याकडून तहसीलदाराकडे, तिथून कोर्टात, आणि पुढे दोन पिढ्या बोलणं बंद.

रेडिओच्या लहरींनाही असाच बांध लागतो. एका स्टेशनची पट्टी संपते आणि शेजारच्याची सुरू होते, त्यांच्यामध्ये थोडी जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. तिला गार्ड बँड म्हणतात. ती कानाला ऐकू येत नाही, पण ती नसली तर एका स्टेशनची गाणी दुसऱ्याच्या बातम्यांत घुसतात. बांध किती रुंद ठेवायचा, हाच रेडिओच्या धंद्यातला जुना आणि महागडा प्रश्न आहे. रुंद ठेवला तर आवाज स्वच्छ येतो, पण तेवढी जागा वाया जाते. अरुंद ठेवला तर जास्त स्टेशनं बसतात, पण खरखर वाढते.

एफएम रेडिओत या प्रश्नाचं जे उत्तर आज जगभर चालतं, ते एका अमेरिकन इंजिनिअरच्या कामातून आलं. त्याचं नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. चंद्रावर गेलेला आर्मस्ट्राँग वेगळा आणि ट्रम्पेट वाजवणाराही वेगळा. या तिसऱ्या आर्मस्ट्राँगचं नाव आपल्याकडे इंजिनिअरिंगची मुलं सोडली तर फारसं कोणी घेत नाही, पण रेडिओ लावणारा प्रत्येक जण त्याचं देणं लागतो.

माळ्यावरचा मुलगा

एडविनचा जन्म 18 डिसेंबर 1890 रोजी न्यूयॉर्कमधल्या चेल्सी भागात झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकन शाखेत नोकरीला, आई शिक्षिका. घर खाऊनपिऊन सुखी. लहानपणीच मुलाला एक आजार झाला, त्यात हातपाय आणि चेहरा आपोआप झटके द्यायचे. दोन वर्षं शाळा बंद पडली, अभ्यास घरीच झाला. आजार गेला, पण मान आणि खांदा मध्येच उडायची सवय जन्मभर राहिली. पुढे कोर्टात वकील उलटतपासणी घेत असताना ती जास्तच दिसायची.

नंतर कुटुंब यॉन्कर्सला, हडसन नदीच्या काठावरच्या घरात राहायला गेलं. तिथे माळ्यावरच्या खोलीत मुलाने आपलं दुकान मांडलं. त्या वेळी मार्कोनीचा बिनतारी संदेश अटलांटिक ओलांडून गेला होता आणि जगभरच्या पोरांना त्याचं वेड लागलं होतं. एडविनने घराच्या आवारात 125 फूट उंचीचा खांब स्वतः उभा केला. दोराच्या पाळण्यात बसून तो वर जायचा आणि तारा बांधायचा. उंचीची भीती हा प्रकार त्याला ठाऊकच नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण त्याच्या आयुष्यातल्या चांगल्या-वाईट बऱ्याच घटना कुठल्या ना कुठल्या मनोऱ्यावरच घडल्या.

कॉलेज होतं कोलंबिया विद्यापीठ. यॉन्कर्सहून तो मोटारसायकलवर यायचा. तिथे मायकेल प्युपिन हे त्याचे प्राध्यापक. त्या काळी ली डी फॉरेस्ट याने 1906 मध्ये ऑडियन नावाचा काचेचा दिवा, म्हणजे आपल्या जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हचा पूर्वज, बाजारात आणला होता. गंमत अशी, की तो नेमका कसा चालतो हे खुद्द डी फॉरेस्टलाही नीट उमगलेलं नव्हतं. आर्मस्ट्राँगने धीराने मोजमाप घेत घेत ते शोधून काढलं. 1912 मध्ये, विद्यार्थी असतानाच, त्याने एक युक्ती केली. दिव्यातून वाढून बाहेर पडलेला सिग्नल पुन्हा त्याच दिव्याच्या तोंडाशी आणून सोडायचा. तो परत वाढतो, परत आत येतो. जिथे हेडफोन कानाला दाबून जेमतेम टिकटिक ऐकू यायची, तिथे आता खोलीभर आवाज घुमू लागला. हीच युक्ती आणखी ताणली की तो दिवा स्वतःच लहरी तयार करतो, म्हणजे तोच ट्रान्समीटर होतो.

पेटंटला पैसे लागतात. वडील म्हणाले, आधी डिग्री घे. मुलाने मोटारसायकल विकली, नातेवाइकांकडे हात पसरले, तरी पुरेसे जमले नाहीत. मग एका ओळखीच्याच्या सल्ल्याने त्याने निदान सर्किटचा कागद नोटरीकडून शिक्का मारून घेतला. तारीख होती 31 जानेवारी 1913. पेटंटचा अर्ज गेला ऑक्टोबरमध्ये. या नऊ महिन्यांच्या उशिराची किंमत त्याने पुढे वीस वर्षं मोजली.

मित्र, लग्न आणि शेअर

1914 च्या जानेवारीअखेर न्यू जर्सीत बेल्मार इथल्या मार्कोनी कंपनीच्या स्टेशनवर त्याने आपलं यंत्र दाखवलं. बघायला आला होता कंपनीचा तरुण अधिकारी डेव्हिड सार्नॉफ. रशियातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला, ऑफिसबॉय म्हणून लागून वर चढलेला. दोघे कडाक्याच्या थंडीत रात्रभर बसले आणि आयर्लंडपासून हवाईपर्यंतचे संदेश ऐकत राहिले. तिथून दोघांची दोस्ती जमली. एकाकडे डोकं, दुसऱ्याकडे धंद्याची नजर.

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग अमेरिकन सैन्याच्या सिग्नल विभागात पॅरिसला होता. मेजरपदापर्यंत गेला, आणि पुढे आयुष्यभर लोक त्याला मेजरच म्हणत राहिले. तिथे 1918 मध्ये त्याने सुपरहेटरोडाइन नावाची रचना बसवली. नाव अवघड आहे, पण काम समजायला सोपं. रेडिओत शेकडो स्टेशनं वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर येतात. प्रत्येकासाठी वेगळी चाळणी कुठून आणणार? म्हणून रेडिओच्या आत एक स्थानिक लहर तयार करून ती आलेल्या लहरीत मिसळायची आणि कुठलंही स्टेशन असो, ते आधी एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर उतरवायचं. मग एकच उत्तम चाळणी सगळ्यांना पुरते. आपल्या घरातल्या मीडियम वेव्हच्या रेडिओत ती ठरलेली फ्रिक्वेन्सी साधारण 455 किलोहर्ट्झ असते, एफएममध्ये 10.7 मेगाहर्ट्झ.

बांधाचा प्रश्न खरं तर इथेच पहिल्यांदा सुटायला लागला. रेडिओची चाळणी भसाडी असेल, तर शेजारचं स्टेशन आत येणारच, आणि मग दोघांमध्ये मोठी मोकळी जागा ठेवावी लागते. चाळणी बारीक झाली की बांध अरुंद करता येतो. आपल्याकडे मीडियम वेव्हवर दर 9 किलोहर्ट्झला एक घर आहे. धारवाड 765, सांगली 1251, पणजी 1287. तिन्ही आकड्यांना नऊने भागून बघा, बाकी उरत नाही. स्टेशनं इतकी दाटीवाटीने बसवता आली, ती सुपरहेटरोडाइनमुळे.

युद्धानंतर त्याच्यावर लक्ष्मी प्रसन्न झाली. 1920 मध्ये त्याने पहिल्या दोन शोधांची पेटंटं वेस्टिंगहाउस कंपनीला 3 लाख 35 हजार डॉलरला दिली. 1922 मध्ये आणखी एका शोधासाठी आरसीएकडून, म्हणजे सार्नॉफच्या कंपनीकडून, 2 लाख डॉलर आणि 60 हजार शेअर मिळाले. त्यामुळे तो आरसीएचा सगळ्यात मोठा व्यक्तिगत भागधारक झाला. सार्नॉफच्या ऑफिसात जाणं-येणं वाढलं आणि तिथली सेक्रेटरी मॅरियन मॅकिनिस त्याला आवडली.

1923 च्या मे महिन्यात हा लखपती माणूस न्यूयॉर्कमध्ये आरसीएच्या एका उंच इमारतीवरच्या मनोऱ्यावर चढला, अगदी टोकावरच्या लोखंडी गोळ्यावर. वर फोटो काढून घेतले आणि मॅरियनला पाठवले. सार्नॉफचा पारा चढला, त्याने इमारतीत येण्यावरच बंदी घातली. त्याच वर्षी 1 डिसेंबरला लग्न झालं. बायकोला भेट दिली ती हातात धरून नेता येईल अशा रेडिओची, जगातल्या पहिल्या काही पोर्टेबल रेडिओंपैकी एक.

पण दुसऱ्या खात्यात घाटा वाढत होता. डी फॉरेस्टने पहिल्या शोधावर दावा ठोकला होता. खटला खालून वर, वरून खाली फिरत राहिला. तज्ज्ञ इंजिनिअरांची मंडळी बहुतेक सगळी आर्मस्ट्राँगच्या बाजूची. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1928 मध्ये आणि पुन्हा 1934 मध्ये डी फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. 1934 च्या खटल्यात डी फॉरेस्टच्या पेटंटचे हक्क घेऊन उभी होती आरसीए, म्हणजे मित्राचीच कंपनी. निकालानंतर थोड्याच दिवसांत फिलाडेल्फियात रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेचं अधिवेशन होतं. याच शोधासाठी संस्थेने त्याला आपलं पहिलं मानपदक दिलेलं होतं. ते परत करायला तो व्यासपीठावर गेला. संस्थेने पदक परत घ्यायला नकार दिला आणि शोध त्याचाच असल्याचं सर्वांसमोर पुन्हा सांगितलं. सभागृह उभं राहिलं. कोर्टाचा निकाल मात्र बदलला नाही.

खरखर कशी घालवायची

विजा चमकल्या, शेजारच्या पिठाच्या गिरणीची मोटर सुरू झाली, की मीडियम वेव्हवर खरखर येते. कारण सरळ आहे. तिथे आवाज पाठवतात तो लहरीची उंची कमी-जास्त करून, आणि वीजही उंचीतच ढवळाढवळ करते. रेडिओला बिचाऱ्याला त्यातली लता कुठली आणि वीज कुठली हे कळत नाही. सार्नॉफ म्हणायचा, ही खरखर घालवणारी एखादी डबी कोणी बनवून दिली पाहिजे.

उंचीऐवजी लहरीची फ्रिक्वेन्सी बदलून आवाज पाठवावा, ही कल्पना आधीपासून होती. लोकांना वाटायचं, फ्रिक्वेन्सी अगदी थोडी हलवली की जागा वाचेल, जास्त स्टेशनं बसतील. 1922 मध्ये जॉन कार्सन या मोठ्या गणितीने कागदावर दाखवून दिलं की यात जागेची काही बचत होत नाही, उलट आवाज बिघडतो. गणित बिनचूक होतं. इंजिनिअरांनी तो रस्ताच बंद करून टाकला.

आर्मस्ट्राँगने उलटं केलं. जागा वाचवायची नाही, सढळ हाताने वापरायची. फ्रिक्वेन्सी थोडी नाही, भरपूर हलवायची, आणि रेडिओत लहरीची उंची कापून सपाट करायची. उंची कापली की तिच्यावर बसलेली खरखरही जाते. उरतो तो फ्रिक्वेन्सीतला आवाज. जितकी जागा जास्त, तितका आवाज स्वच्छ. कोलंबियाच्या फिलॉसॉफी हॉलच्या तळघरात वर्षानुवर्षं काम करून त्याने हे सिद्ध केलं. विद्यापीठाकडून तो वर्षाला नाममात्र एक डॉलर पगार घ्यायचा. 26 डिसेंबर 1933 ला एफएमची पेटंटं मिळाली.

आता इथे हिशेब मांडावा लागतो. अमेरिकेत मीडियम वेव्हच्या एका स्टेशनला 10 किलोहर्ट्झ मिळायचे. एफएमच्या एका स्टेशनला ठरले 200. वीसपट जागा! त्यातले मधल्या रेषेच्या अलीकडे 75 आणि पलीकडे 75 मिळून 150 किलोहर्ट्झ लहर हलण्यासाठी, आणि दोन्ही कडांना 25-25 चा बांध. म्हणजे घेतलेल्या जमिनीचा पाव भाग पडीक. वरवर पाहिलं तर ही उधळपट्टीच. पण एफएमची लहर 75 च्या रेषेवर टचकन थांबत नाही, तिचे पदर थोडे बाहेर सांडतात. किती सांडतात ते काढायचं सूत्र त्याच कार्सनचं आहे. फ्रिक्वेन्सीचं हलणं 75 आणि आवाजाची वरची मर्यादा 15, बेरीज 90, तिची दुप्पट 180. म्हणजे 200 च्या पट्टीत 180 भरलेले, आणि उरलेली फट शेजाऱ्यासाठी. एफएमचा रस्ता ज्याने कागदावर बंद केला, त्याच्याच सूत्राने आज एफएमची जागा मोजली जाते.

शिवाय उधळपट्टीची भरपाई दुसरीकडून होते. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन एफएम स्टेशनं आली, तर रेडिओ जे जोरदार आहे तेच धरतो, कमजोर जवळजवळ नाहीसं होतं. मीडियम वेव्हसारखा रात्री दोघांचा काला होत नाही. त्यामुळे तीच फ्रिक्वेन्सी थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या गावाला परत देता येते. जमीन एकाच्या वाट्याला जास्त, पण तोच सात-बारा गावोगाव वापरता येतो.

मनोऱ्यावरून खाली

सार्नॉफने तळघरात येऊन प्रयोग पाहिला आणि एम्पायर स्टेट इमारतीच्या 85 व्या मजल्यावरची आरसीएची जागा चाचणीसाठी दिली. 1934 च्या जूनपासून तिथून प्रसारण झालं आणि सुमारे 70 मैलांवर, लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर, वादळी हवेतही स्वच्छ ऐकू आलं. त्याच वर्षी त्याने एकाच एफएम लहरीवर दोन रेडिओ कार्यक्रम, तारसंदेश आणि वृत्तपत्राच्या पानाची प्रतिमा एकदम पाठवून दाखवली. जागा जास्त घेतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांना तिथेच उत्तर मिळालं होतं, पण ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

सार्नॉफला डबी हवी होती. हाती आली ती अख्खी नवी रेडिओव्यवस्था. ती स्वीकारायची तर चालू स्टेशनं, चालू रेडिओ, चालू पेटंटं सगळं मोडीत निघणार. त्यातून आरसीएचं भांडवल आता टेलिव्हिजनमध्ये गुंतत होतं. 1935 मध्ये आर्मस्ट्राँगला एम्पायर स्टेटमधून सामान हलवायला सांगण्यात आलं. कंपनीच्या ताळेबंदाच्या नजरेने पाहिलं तर सार्नॉफ अगदीच चुकला असं म्हणता येणार नाही. पण मैत्री त्या दिवशी संपली.

5 नोव्हेंबर 1935 ला त्याने न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअरांच्या सभेत प्रात्यक्षिक दिलं. यॉन्कर्समधल्या एका मित्राच्या हौशी स्टेशनवरून प्रसारण होत होतं. तिथे पेल्यात पाणी ओतलं, कागद चुरगाळला. एवढ्या बारीक आवाजांनीही सभागृह चकित झालं. दोन आवाजांच्या मध्ये तर रेडिओ इतका शांत होता, की बंद पडला की काय असं वाटावं.

मग त्याने स्वतःच्या खिशात हात घातला. आरसीएचे शेअर विकले आणि हडसनच्या पलीकडे, न्यू जर्सीतल्या अल्पाइन गावी 425 फुटांचा मनोरा उभारला. तीन लाख डॉलरच्या वर खर्च आला. 1939 च्या जुलैपासून तिथून नियमित प्रसारण सुरू झालं. न्यू इंग्लंडमधली यांकी नेटवर्क ही रेडिओ कंपनी पुढे आली, जनरल इलेक्ट्रिकने सेट बनवायला घेतले. 1940 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने एफएमला 42 ते 50 मेगाहर्ट्झचा पट्टा दिला. 200 किलोहर्ट्झची एक, अशी 40 घरं. टेलिव्हिजनच्या आवाजासाठीही एफएमच ठरलं.

आता आरसीए बोलणी करायला आली. 10 लाख डॉलर एकरकमी, पुढे रॉयल्टी नाही. आर्मस्ट्राँगने नकार दिला. बाकीच्या छोट्या कंपन्या विक्रीवर रॉयल्टी देत असताना सगळ्यात मोठ्या कंपनीला एकदाच पैसे घेऊन मोकळं सोडायचं, हे त्याला अन्यायाचं वाटलं. नकार तत्त्वाला धरून होता. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात महाग नकार ठरला.

दुसऱ्या महायुद्धात त्याने सैन्याला आपली पेटंटं रॉयल्टी न घेता वापरू दिली. रणगाड्यांत आणि जीपगाड्यांत एफएम सेट बसले.

बांध नाही, शेतच हलवलं

युद्ध संपत आलं तेव्हा एफएमची सुमारे पन्नास स्टेशनं चालू होती आणि लोकांच्या घरात काही लाख सेट होते. तेव्हा आयोगापुढे प्रश्न आला, की एफएमला आहे तिथेच ठेवावं का. आयोगाच्या बाजूने केनेथ नॉर्टन या इंजिनिअरने मांडलं, की सूर्यावरच्या डागांचा जोर वाढला की 40 ते 50 मेगाहर्ट्झच्या लहरी आकाशातून परावर्तित होऊन शेकडो मैलांवरच्या स्टेशनांत घुसतील. आर्मस्ट्राँग आणि इतर तज्ज्ञांनी आपली मोजमापं पुढे ठेवून विरोध केला. 27 जून 1945 रोजी निर्णय झाला. एफएमने 88 मेगाहर्ट्झच्या वर, म्हणजे आजच्या 88 ते 108 च्या पट्ट्यात जायचं.

नॉर्टनची भीती अगदीच पोकळ नव्हती. त्या पट्ट्यात कधीमधी लांबची स्टेशनं घुसतात हे खरंच आहे. नवा पट्टा 20 मेगाहर्ट्झचा, 100 घरांचा होता, तोही मोठा. पण मग सोडलेल्या जागेत टेलिव्हिजनला घर देण्यात आलं, आणि टेलिव्हिजनला तर हस्तक्षेपाचा त्रास आवाजापेक्षा जास्त होतो. एफएमला जी जागा वाईट, ती टेलिव्हिजनला चांगली कशी, याचं पटेल असं उत्तर आर्मस्ट्राँगला शेवटपर्यंत मिळालं नाही.

ज्यांनी एफएमचे सेट घेतले होते, त्यांचे सेट काही वर्षांत भंगारात गेले. स्टेशनांना ट्रान्समीटर नव्याने उभे करावे लागले. पुनर्वसन झालेल्या गावासारखं होतं ते. नवी जमीन मोठी असली तरी घरदार पुन्हा पहिल्यापासून बांधायचं. त्या काळात टेलिव्हिजन पुढे निघून गेला. आणि आरसीएसह अनेक कंपन्या टेलिव्हिजनमध्ये एफएमचा आवाज बसवत होत्या, तोही रॉयल्टी न देता.

1948 च्या जुलैमध्ये त्याने आरसीए आणि एनबीसीवर दावा लावला. कंपनीच्या वकिलांना घाई नव्हती. पेटंटं डिसेंबर 1950 मध्ये संपणार होती, वेळ त्यांच्या बाजूला होता. एकट्या आर्मस्ट्राँगचा जबाब जवळजवळ वर्षभर चालला. सार्नॉफने शपथेवर सांगितलं की एफएमच्या वाढीसाठी आरसीएने जेवढं केलं तेवढं कोणीच केलेलं नाही, आर्मस्ट्राँगनेसुद्धा नाही. तो समोरच बसलेला होता.

1953 पर्यंत पेटंटची आवक आटली, वकिलांची बिलं मात्र चालूच. तरीही त्या वर्षी त्याने कोलंबियातल्या सहकाऱ्याबरोबर एकाच एफएम लहरीवर एकाहून जास्त कार्यक्रम पाठवण्याचं सुधारलेलं तंत्र जाहीर केलं. घरात मात्र ताण टोकाला गेला होता. मॅरियनची इच्छा होती, तडजोड करून मोकळं व्हावं. नोव्हेंबरमध्ये एका भांडणात त्याने तिच्या हातावर लोखंडी सळई मारली. ती घर सोडून कनेटिकटमध्ये बहिणीकडे गेली. थोर माणसाची गोष्ट सांगताना हा भाग गाळायची रीत आहे, पण तीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या बाजूने तो गाळता येत नाही.

31 जानेवारी 1954 च्या रात्री त्याने तिला माफीचं पत्र लिहिलं आणि आपलं आयुष्य संपवलं. पहिल्या शोधाच्या कागदावर नोटरीचा शिक्का पडला, त्याला त्या दिवशी 41 वर्षं पूर्ण झाली होती.

मॅरियनने पुढे चालवलं

घर सोडून गेलेली मॅरियन त्याच्यानंतर खटल्यांतून मागे हटली नाही. आरसीएबरोबर 1954 च्या अखेरीस सुमारे 10 लाख डॉलरवर तडजोड झाली, म्हणजे 1940 मध्ये नाकारलेल्या रकमेएवढीच. मग तिने बाकीच्या कंपन्यांवरचे दावे एकेक करून लढवले. शेवटचा, मोटोरोलाविरुद्धचा, 1967 मध्ये जिंकला.

एफएमची पट्टी दरम्यान आपली किंमत सिद्ध करत होती. 1961 मध्ये अमेरिकेत स्टिरिओ प्रसारणाला परवानगी मिळाली, त्याच 200 किलोहर्ट्झच्या घरात, एक वीतही जागा न वाढवता. तिथेही आत एक छोटा बांध आहे. साधा आवाज 15 किलोहर्ट्झपर्यंत, स्टिरिओचा भाग 23 पासून पुढे, आणि मधल्या मोकळ्या जागेत 19 वर एकच खुणेची लहर. जुन्या सेटला फक्त पहिला भाग ऐकू येतो, नव्याला दोन्ही. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एफएमचे श्रोते मीडियम वेव्हपेक्षा जास्त झाले.

भारतात पहिलं एफएम प्रसारण 1977 मध्ये मद्रासहून झालं, खासगी स्टेशनं 2001 पासून आली. आपल्याकडे एकाच शहरात दोन स्टेशनांमध्ये 800 किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. मोठ्या शहरात रेडिओचा काटा फिरवला तर 91.1, 91.9, 92.7, 93.5, 94.3 असे आकडे येतात, ते त्यामुळे. आताचे सेट बऱ्यापैकी चाळणीचे आहेत, तेव्हा हे अंतर निम्मं, म्हणजे 400 करावं, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केलेली आहे. लिलावात एकेका फ्रिक्वेन्सीला कोट्यवधी मोजावे लागतात, त्यामुळे बांध अर्धा करणं म्हणजे नवे प्लॉट पाडण्यासारखंच आहे.

मोबाइलमध्ये तर हा बांध कोरत कोरत फार खाली आणलाय. फोर-जीच्या 10 मेगाहर्ट्झच्या पट्टीत 9 वापरात असतात, 1 कडांना मोकळा. म्हणजे दहा टक्के. फाइव्ह-जीच्या 100 मेगाहर्ट्झच्या पट्टीत 98 हून जास्त वापरता येतात, बांध दोन टक्क्यांच्याही आत. आर्मस्ट्राँगच्या एफएममध्ये तो पंचवीस टक्के होता. फरक पडला तो चाळणीमुळे. तेव्हा ती तारेच्या वेटोळ्यांची होती, आता चिपमध्ये गणित करून बनते.

अल्पाइनचा मनोरा अजून उभा आहे. 11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले, तेव्हा त्यांच्या माथ्यावरचे टीव्ही स्टेशनांचे अँटेनाही गेले. बंद पडलेल्या स्टेशनांपैकी काहींनी नदीपलीकडच्या या जुन्या मनोऱ्यावर आपले ट्रान्समीटर चढवले आणि तिथून प्रसारण पुन्हा सुरू केलं. त्यात एनबीसीचं न्यूयॉर्कमधलं स्टेशनही होतं.